कोबेची पत्रं, मुक्काम खामगाव

जपानला जायचं म्हणून दत्तोपंतांनी मला कापसाच्या काट्यावर बसवलं. वजन करायला नव्हे, झुलवायला. आमच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापूस मोजायचा मोठा काटा होता. त्याचं साखळ्यांना टांगलेलं पारडं चार माणसं ऐसपैस बसतील एवढं. त्यावर मी, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि दोन बाजूंना दोन हमाल.

"समजा, तुफान सुटलं!" दत्तोपंत ओरडायचे.

हमाल दात काढत पारड्याला हेलकावे द्यायचे आणि मी त्या अवस्थेत 'माल पावला, आभारी आहोत' असं इंग्रजी पत्र सुवाच्य अक्षरात लिहायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं. दत्तोपंतांनी वहीत टिपलं, "उलटी एक. प्रगती आहे."

आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. खामगावच्या कापसाला जपानचं गिऱ्हाईक होतं. गाठी कोबे बंदरात उतरल्या की तिथला व्यापारी हमखास त्यांत ओल काढायचा आणि भाव पाडायचा. म्हणून आमचे शेठ हंगामाला आपला एक माणूस तिकडे उभा करायचे. त्या माणसाला धडधाकट पाठवायचं काम हेडक्लार्क दत्तोपंतांचं. ते त्यांच्यावर कुणी टाकलं म्हणाल, तर कुणीच नाही. ते त्यांनी आपणहून ओढून घेतलं होतं.

स्वतः दत्तोपंतांनी भुसावळच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. समुद्र पाहिला तो बिस्किटाच्या डब्यावर. मोटारीत बसले की दुसऱ्या मैलाला त्यांचं डोकं खिडकीबाहेर. बाजारात लोक त्यांना 'कप्तान' म्हणून चिडवत, आणि हा माणूस चक्क मान तुकवून ते स्वीकारायचा. पन्नाशी उलटलेली, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळे आम्हा कारकुनांना छळायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

त्यांची विद्या सगळी परत आलेल्यांकडून गोळा केलेली. आणि परदेशाहून परत आलेला माणूस थापा मारणार नाही तर काय करणार? एकजण मोंबासाला जाऊन आला होता. त्याने सांगितलं, तिकडे सिंह कचेरीच्या पायरीवर येऊन बसतात. झालं! पुढच्या माणसाला दत्तोपंतांनी आठ दिवस एका मारक्या बैलासमोर पापणी न हलवता उभं केलं. तो माणूस एडनला गेला, तिथं त्याला सिंह काय, मांजरही भेटलं नाही. बैलाने मारलेली ढुशी मात्र जन्मभर दुखत राहिली.

माझ्या वाट्याला भूकंप आला. दत्तोपंत केव्हाही "भूकंप!" म्हणून ओरडायचे आणि मी टेबलाखाली शिरायचं. एकदा ते असे ओरडले तेव्हा शेठ स्वतः दारातून आत येत होते. शेठना या तालमीची काहीच कल्पना नव्हती. ते माझ्या आधी टेबलाखाली पोचले. त्यांना बाहेर काढायला टेबल उचलावं लागलं.

दुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, दोन काड्यांनी भिजवलेले हरभरे उचलून खायचे, कारण जपानात तसं जेवतात. संध्याकाळी प्रश्नोत्तरं.

"समजा, तुमी मेले," दत्तोपंत म्हणायचे. "तं पयले कोनाले कळवसान?"

"पंत, मेल्यावर मी कसा कळवणार?"

"हेच! हेच कोनी आधी सोचत नाई!" आणि त्यांनी माझ्याकडून माझ्याच मरणाची तार लिहून घेतली. तारीख तेवढी घालायची ठेवली.

तालीम पुरी होत आली आणि गाडं अडलं ते माझ्या आईपाशी. ती उंद्रीला राहायची, खामगावहून घाट चढून. वडील गेल्यावर शेत तीच पाहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्यापुढे गावचा पाटीलही जपून बोलायचा.

"जा," ती म्हणाली. "पन पंधरा दिवसाले तुयं पत्र आलं पायजे. ज्या पंधरवड्यात नाई आलं, त्या दिवसापासून म्या भाकर सोडली समज."

ही नुसती धमकी नव्हती. वडिलांनी एकदा तिची गाय तिला न विचारता विकली होती, तेव्हा ती चार दिवस जेवली नव्हती. गाय गोठ्यात परत आल्यावरच तिनं ताट घेतलं. आणि कोबेहून उंद्रीला पत्र यायला महिना सहज लागायचा. मी खामगावला येऊन दत्तोपंतांना सांगितलं, "पंत, मला जमणार नाही. आई उपाशी मरेल."

पहिल्यांदाच ते "समजा" म्हणाले नाहीत. टोपी काढून टेबलावर ठेवली, बराच वेळ डोकं खाजवलं, मग माझ्यापुढे कागदाची चळत सरकवली.

"सहा पत्रं लिवा. कोबेहून."

"आत्ता? इथं बसून?"

"मंग? तीन महिन्यांचं काम होते. तवर तुमची खरी पत्रं येतीन. टपाल कंपनीच्या पत्त्यावर येते म्हनून सांगू. मी सोता नेऊन वाचून देईन."

मग काय, बाहेर जिन धडधडतंय, नाकातोंडात कापसाचे तंतू जाताहेत, आणि मी लिहितोय, 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. आज समुद्र शांत होता.' दत्तोपंत मागे उभे राहून एकेक पत्र तपासत होते.

"तिसऱ्या पत्रात थोडी सर्दी घाला."

"कशाला उगीच?"

"सारंच चांगलं लिवलं तं माय भरोसा ठेवन का? पाचव्यात बरी करून टाका."

मी सर्दी घातली, पाचव्यात बरी केली, आणि गेलो.

समुद्र सगळा वेळ काचेसारखा. कोबेत भूकंप एकदाच झाला, तोही मी झोपेत असताना, सकाळी शेजाऱ्याने सांगितला म्हणून कळला. पण काड्यांनी जेवायला बसलो तेव्हा तिथले लोक बघत राहिले, हे कबूल केलं पाहिजे. गाठींतली ओलही मी त्या व्यापाऱ्याला सिद्ध करू दिली नाही. चुकलो एका बाबतीत. आईला पत्रं मिळताहेतच, या भरवशावर मी खरी पत्रं लिहायचा आळस केला. आज लिहू, उद्या लिहू करता करता तिसरा महिना संपत आला, आणि मला विषमज्वराने गाठलं.

दोन महिने इस्पितळात होतो. कंपनीच्या तिथल्या आडत्याने शेठना तार केली होती, एवढंच मला ठाऊक. ताप उतरला की मी बोटं मोजायचो. सहावं पत्र संपलं असेल. आता सातवा पंधरवडा. आता आईनं भाकर सोडली असेल. उठून टाक धरायची ताकद नव्हती. त्या खाटेवर मी माझ्या आळसाला जितक्या शिव्या दिल्या, तितक्या दत्तोपंतांनाही कधी दिल्या नव्हत्या.

अंगात त्राण येताच मिळाली ती पहिली बोट धरली; पत्रही त्याच बोटीने आलं असतं. आठव्या महिन्यात उंद्रीला पोचलो, तो दारातूनच ओरडलो, "आई!"

आई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. चांगली ठणठणीत. उलट जरा अंगानं भरलेली. मी तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो. मग विचारलं, "पत्रं येत होती ना?"

"येत होती ना. सा आली."

"आणि सहानंतर?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मंगबी पंत येतच होते. दर पंधरा दिवसाले, आइतवारी. मोटारीनं जीव अर्धा होऊन जाये त्यायचा. उतरले का पयले लिंबाचं पानी द्याव लागे. सातव्या खेपीलेबी आले. तठी दाराच्या तोंडाशी बसले, खिशातून कागद काहाडला अन् वाचाले लागले. मांगून ऊन येत होतं. मी समोर बसली होती."

"मग?"

"मले वाचता येत नाई बाप्पा. पन कोरं तं दिसते ना."

दत्तोपंतांचं मला ठाऊक होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याच्या नावानं एक ओळ लिहिली नव्हती. खोटं पत्र करायला त्यांचा हात धजला नसणार. कोरा कागद घेऊन ते घाट चढून आले होते.

"म्हणजे तुला कळलंच, की माझं काही बरं नाही."

"तवाच समजलं."

"आणि तू भाकर नाही सोडलीस?"

"सोडनारच होती. पन थे वाचून राह्यले होते ना. 'आई, मले इथं करमत नाई. आई, तू जेवत जाय. आई, तुह्या हातची भाकर याद येते.' तू असं कवा लिवलं होतं रे? तू तं दर पत्रात हवापानी लिवे." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "त्यायची माय त्यायले जलम देऊनच गेली, मालूम आहे का तुले? त्यायनंच सांगतलं एक डाव. साऱ्या जिनगानीत कोनाले आई म्हनलं नाई त्या मानसानं. मले म्हनत होते, मी म्हनू देलं. अन् मी ताटावर नाई बसली तं थे कसे जेवतीन? उपाशीच घाट उतरले असते. म्हनून दोघंबी जेवलो."

दत्तोपंत माझ्या आईपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे असतील.

मी रजेवर उंद्रीतच होतो. पुढच्या आइतवारी आईनं सकाळीच वांग्याची भाजी टाकली, भाकरी केल्या. खामगावची मोटार यायच्या वेळी दोनदा दारात जाऊन आली. मोटार आली आणि गेली. उतरलं कुणीच नाही. कुणाचं पत्र वाचायला येणार ते आता?

आईनं माझं ताट वाढलं, समोर बसली, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काऊन रे बापू, पुना कवा धाडतेत तुले तिकडं?"