डावं मडगार्ड थोरल्यांचं

मिस्त्रींनी गॅरेजच्या दाराआड खडूने वेळापत्रकच लिहून ठेवलं होतं. सोमवारी आणि बुधवारी थोरले, मंगळवारी आणि गुरुवारी धाकटे. दोघे सख्खे भाऊ, आणि गाडी एकच, वडिलांच्या मागे राहिलेली, पन्नास वर्षांची. पण अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे गाडीची डावी बाजू थोरल्यांनी दुरुस्तीला घेतली होती आणि उजवी धाकट्यांनी.

अबोल्याचं कारण एक ताडपत्री. वडील गेल्यावर गाडी अंगणात उघड्यावर राहिली. ताडपत्री धाकटा टाकेल असं थोरल्यांना वाटलं, थोरला टाकेल असं धाकट्यांना. पावसाने कुणाचीच वाट बघितली नाही. दोन्ही मडगार्डं सारखीच सडली. गंजाने पंक्तिप्रपंच केला नाही.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी मला ऐंशी पूर्ण होतात," त्यांची आई स्वतः गॅरेजात येऊन मिस्त्रींना सांगून गेली होती. "भेटबिट काही नको. मी मागे, दोघं पुढे, आणि गाडी घरी चाललीय, एवढं करा. घर काय, दोन गल्ल्या पलीकडे."

मिस्त्रींनी शब्द दिला. शब्द देताना मिस्त्री फार विचार करत नसत, तो नंतर करत.

खरी पद्धत अशी, की दोन्ही मडगार्डं आधी ढिली लावायची, मध्ये बॉनेट ठेवायचं, दोन्हीकडची फट सारखी करायची आणि मगच बोल्ट आवळायचे. मिस्त्रींना हे झोपेतही पाठ होतं. पण थोरले पडले निवृत्त ड्राफ्ट्समन. ते नवं मडगार्ड आणि स्टीलची पट्टी घेऊनच आले.

"पाच मिलिमीटर फट. बोल्ट आजच आवळून टाका."

"पण साहेब, उजवीकडचं..."

"उजवीकडचं मला कशाला विचारता?"

मिस्त्रींनी बोल्ट आवळले. आतून प्रायमर मारला आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून त्यावर मेणाचा दाट थर दिला. मंगळवारी धाकटे आपलं मडगार्ड घेऊन आले. त्यांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी एक डोळा मिटून बॉनेटकडे पाहिलं.

"पट्टीबिट्टी राहू द्या. डोळ्याला बरं दिसलं की झालं. बॉनेट जरा इकडे सरकवा."

बॉनेट सरकलं. बुधवारी थोरल्यांची पट्टी आठ मिलिमीटर दाखवू लागली, म्हणून बॉनेट परत डावीकडे आलं. गुरुवारी धाकट्यांनी डोळा मिटला आणि विचारलं, "हे कुणी हलवलं?" मिस्त्री म्हणाले, "आपोआप हललं." असे तीन आठवडे गेले. मिस्त्री आधी कधी खोटं बोलत नसत. आता त्यांचा हात बसला.

त्या रविवारी सकाळी मात्र त्यांनी दोघांनाही नऊला बोलावलं. दोघं आले आणि आपापल्या बाजूला उभे राहिले. मिस्त्रींनी सगळे बोल्ट ढिले केले आणि बिजागऱ्या बघायला बॉनेटखाली मान घातली.

"मिस्त्री, पलीकडे सांगा, जरा वर उचला म्हणावं."

"मिस्त्री, पलीकडे सांगा, उचललंय म्हणावं."

पलीकडे म्हणजे चार फुटांवर. मिस्त्रींनी दोन्ही निरोप इमानाने पोचवले. तेवढ्यात मडगार्ड आतून धरून मेणाने बरबटलेला थोरल्यांचा हात सटकला आणि बॉनेट थेट मिस्त्रींच्या मानेवर यायला निघालं.

"छोट्या, धर!" थोरले ओरडले.

"धरलंय, दादा!"

मिस्त्रींनी बॉनेट खांद्यावर पेललं, पण मान आतच ठेवली, बाहेर काढायची ही वेळ नव्हे हे त्यांना कळत होतं. थोरल्यांनी डोळे टिपले आणि त्याच हाताने चष्मा पुसला. मेणामुळे त्यांना काही दिसेनासं झालं, तेव्हा धाकट्यांनी चष्मा काढून घेतला, शर्टाच्या टोकाने स्वच्छ केला आणि भावाच्या नाकावर नीट बसवला. आत मिस्त्रींचेही डोळे भरून आले.

पुढचं काम वीस मिनिटांत झालं. पट्टी पाच म्हणाली, डोळा बरं म्हणाला. बोल्ट आवळले. तिघांनी मिळून बॉनेट दाबलं. खट्ट!

आवाज झाला आणि मिस्त्रींना आठवलं. बॉनेट उघडायची केबल त्यांनी आत अडकवलीच नव्हती. सडलेल्या पत्र्याला वेल्डिंग करताना काढलेली बॅटरीची वायरही आतच सुटी पडली होती. म्हणजे बॉनेट उघडल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती, आणि बॉनेट उघडणार नव्हतं. खालून हात जाईना.

"कुठल्या तरी एका मडगार्डला भोक पाडावं लागेल," मिस्त्री पडेल आवाजात म्हणाले.

"माझ्या पाडा," थोरले लगेच म्हणाले.

"छे, दादा! माझ्या पाडा."

"तू लहान आहेस."

"पन्नाशी उलटली माझी! मोठेपणा काय दर वेळी तूच घ्यायचा?"

"दर वेळी म्हणजे? कधी घेतला मी?"

"सायकल! सायकल मला दिलीस आणि गावभर सांगत फिरलास!"

आई आली तेव्हा प्रकरण सायकलवरून शाळेच्या सहलीवर गेलं होतं. ती दाराशी क्षणभर थबकली, मग पदर सावरून मागच्या सीटवर जाऊन बसली.

"मावशी, चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. "गाडी चालू होत नाही."

"मग लोटू दे की त्यांना. तुम्ही बसा पुढे."

मिस्त्री स्टिअरिंगवर बसले. मागून थोरले डावीकडून लोटू लागले, धाकटे उजवीकडून. आपण नीट लोटतोय आणि दुसरा नुसता हात लावून चालतोय, यावर दोघांचाही ठाम विश्वास होता आणि तो ते मोठ्याने बोलून दाखवत होते. खिडक्यांतून लोक डोकावू लागले. दिलेला शब्द असा मातीला मिळालेला बघून मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, काच वर करू का?"

"नको हो. आहे तीसुद्धा खाली करा. मला नीट ऐकू येत नाही."

दुसरी गल्ली संपली, घराचं फाटक आलं. मिस्त्रींनी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नका," म्हातारी मागून म्हणाली. "सरळ जाऊ द्या. अकरा वर्षांचं साठलंय, दोन गल्ल्यांत कसं आटपेल?"