काकूंच्या वजनाची जीप

मधुकाकांच्या अंगणात चप्पल घालून गेलात तरी चालतं. बेल्ट मात्र काढावा लागतो. शिवाय घड्याळ, अंगठी, खिशातल्या किल्ल्या. फाटकाजवळ त्यासाठी एक प्लास्टिकचं टोपलं ठेवलंय. सिलिंडर द्यायला आलेल्या माणसाचं हातातलं कडंसुद्धा एकदा त्यात पडलं होतं.

कारण अंगणात जुन्या जीपची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा आहे, नुकतीच कोटिंग होऊन आलेली, काळी कुळकुळीत. "हळद लागलेली पोरगी आहे," काका म्हणतात. "ओरखडा आला तर कोण जबाबदार?"

आम्ही हिंदी मुलखात, गढा नावाच्या वस्तीत राहतो. मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट, बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे मी न विचारताही सांगतो. कारखान्यातून रिटायर झालेल्या काकांना ते फार आवडतं. "ए बीएससी, पाना दे!" ही त्यांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जाते. पान्याच्या दांड्याला त्यांनी स्वतःचा जुना मोजा चढवलाय. बोल्ट भोकात सरकवताना ते आधी फुंकर मारतात आणि मग त्याची समजूत काढतात, "चलो बेटा, आराम से."

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. पाय मोडल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. हाड जुळलं, डॉक्टर चाला म्हणाले, पण भीती काही जाईना. माहेर सिहोऱ्याला, भाऊ बोलावून बोलावून थकला. बसच्या पायऱ्या नकोत, धक्के नकोत, लोकांनी बघायलाही नको.

"म्हणून मी गाडीच बनवून राहिलो," काका म्हणाले.

"खटारा!" आतून काकू म्हणाल्या.

गेल्या रविवारी सस्पेन्शनचे बोल्ट बसले. पण काका ते कसेनात. गाडी आधी चाकांवर उभी करायची, तिच्यावर माणसांचं वजन द्यायचं आणि मगच शेवटचं कसायचं. नाहीतर आतलं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे बरोबरच आहे. पण बॉडी अजून यायची होती. मग उघड्या चेसिसवर गोधडी, गोधडीवर फळी आणि फळीवर मी, शेजारचे दुबेजी आणि दूधवाले भैया. तिघंही पँट सावरत.

"हिलो मत, दुबेजी!" काका खालून ओरडले.

"अरे, तो साँस भी न लें क्या?"

"वजन बरोबर नाही. जिला बसायचं आहे तिचंच पाहिजे. अगं, ऐकलं का? बाहेर ये!"

"काहून? मी काय गव्हाचं पोतं आहे?"

"पोत्यानं काम झालं असतं तर तुझ्या विनवण्या काहून केल्या असत्या?"

मग काकू दारात आल्या, भिंत धरून. पायरीशी थांबल्या. मी उतरून हात दिला. काकू कशाबशा फळीवर माझ्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा दंड पकडला. "अहो, ते बोल्ट लवकर कसा!"

थोड्या वेळानं माझा दंड सुटला. गल्लीतून भाजीवाली चालली होती. काकूंनी तिला हाक मारली, इतके दिवस सडके मटार पाठवल्याबद्दल झापलं. भाजीवालीही ऐकणारी नव्हती. दुबेजी मध्ये पडले तर दोघी मिळून त्यांच्यावर उलटल्या.

"झालं का हो?" मध्येच काकूंनी विचारलं.

"एक राहिला!"

मी उतरून खाली वाकलो. बोल्ट कसून झाला की काका त्यावर पिवळी रेघ मारतात. सगळ्या बोल्टांवर रेघा होत्या आणि त्या वाळल्याही होत्या. काका पाना छातीवर ठेवून उताणे पडले होते, वरचं भांडण ऐकत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"सावकाश करा," वरून काकू म्हणाल्या. "बसली आहे मी."