देवकीच्या अंबाड्यातलं लोखंड

कृष्णनाथने बायकोचे केस कापायचं ठरवलं ते रागाच्या भरात. (राग हा त्याचा जोडधंदा. मूळ धंदा डिचोलीच्या खाणीवर वजनकाट्याची कारकुनी, तोही आता निवृत्त.) घरासमोरून खनिजाचे ट्रक धावत आणि लाल धूळ थेट पेजेच्या वाटीत उतरे. पंचायतीत आरडाओरडा केला की उत्तर एकच, पुरावा आणा. अशात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने गावात कळवलं, मानेजवळचे चिमूटभर केस द्या, अंगात कुठला धातू किती भिनलाय ते सांगतो.

कृष्णनाथच्या डोक्यावर चिमूट सोडाच, मोजायलाही केस नव्हता.

"देवकी, तुझे दी."

"सवाशिणीच्या केसांक कातर लावची नाय," देवकी म्हणाली. "ट्रकांचो राग माझ्या केसांवर कित्याक काढतात?"

दुपारी ती सोप्यावर आडवी झाली, तशी त्याने अंबाड्यातली एक बट उडवली आणि पाकिटावर तिचं नाव घातलं. (एकतीस वर्षांत बायकोच्या केसांना हात लावायची ही दुसरी वेळ. पहिली लग्नात, मंगळसूत्र अडकलं म्हणून.)

महिन्याने ग्रामसभेत प्रयोगशाळेच्या कोमलने रिपोर्ट वाचला. "देवकीबाईंच्या केसांत लोह, मँगनीज, शिसं, सगळं प्रमाणात. ठणठणीत आहेत."

"बघा," ट्रकमालक बाबली हसला. "धुळीन तब्येत सुधारता."

कृष्णनाथचं टक्कल धुळीहून लाल झालं. "एकतीस वर्सां ही बाई धूळ गिळता, रोज सकाळी खोकता, आणि अंगात लोखंड नाय? ट्रकवाल्यांनी काय दिल्यानी गो तुका?"

कोमलचे डोळे भरले. तेवढ्यात मागच्या बाकावरून देवकी उठली. तिला इतकं संतापलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. टेबलाशी येऊन तिने केसांतले आकडे उपटले आणि अंबाड्यातून भलामोठा केसांचा झुपका ओढून रिपोर्टावर आपटला. एका बाजूने तो कातरलेला होता.

"त्या चेडवाक कित्याक बोलतात? ह्यां गंगावन. म्हापशाच्या बाजारातलां. कोणाचे केस ते देवाक म्हायत. ती बाई ठणठणीत आसा, बरां झालां."

सभा खदखदून हसली. देवकी नाही हसली. मानेवर उरलेली केसांची लिंबाएवढी गाठ तिने कोमलपुढे केली.

"हे माझे. काप. धूळ माझ्या पोटात गेल्या."

"सवाशिणीच्या..." कृष्णनाथ पुटपुटला.

"आदी चोरून कापल्यात तेव्हा खंय गेली सवाशीण?"

कातर चालली. सरपंचांनी नवा रिपोर्ट येईपर्यंत ट्रक बंद ठेवायला सांगितलं. तीस वर्षांच्या बोंबलण्याने जे झालं नव्हतं, ते चिमूटभर केसांनी झालं.

घरी येताना कृष्णनाथने विचारलं, "इतकी वर्सां माका सांगूक नाय ता?"

"तुमी सदीच रस्त्याक डोळे लावन. माझ्याकडे कधी बघलात?"

पुढच्या शुक्रवारी नवं गंगावन आणायला तिने त्यालाच म्हापशाला पिटाळलं.

"बाईंच्या केसांचो रंग कसो?" दुकानदाराने विचारलं.

नुसत्या धुळीवरून खनिजाचा दर्जा सांगणारा कृष्णनाथ गोंधळला. पुष्कळ आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे फक्त घराची धूळ आली.

"लालसर," तो शेवटी म्हणाला.

दुकानदाराने त्याला टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"बायल फॉरेनर काय?"