वर्षातून एकदाच दौंड

शुक्रवार, १ फेब्रुवारी १९५७. लग्नाची भांडी नावं घालून घरी आणायची, एवढंच त्या सकाळचं काम होतं. माझ्या लेकीचं, कुसुमचं लग्न पुढच्या शुक्रवारी, मुलगा दौंडचा. दोन पोती आणि वाळक्या गवताचा भारा घेऊन मी मागच्या दारानं गणपततात्यांच्या दुकानात गेले. भांडी भिंतीशी मांडून ठेवलेली होती. घंगाळ, हंडा, कळशी, परात, पातेली, अगदी फुलपात्रापर्यंत प्रत्येकावर घोटीव अक्षरांत 'सौ. कुसुम वसंत जाधव' असं घातलेलं होतं. त्यापुढे स्वल्पविराम. आणि स्वल्पविरामापुढे काही नाही.

"तात्या, गाव राहिलं."

"ऱ्हायलं न्हाय वैनी. ठिवलंय."

"का?"

"दौंड हाय म्हून."

बारामतीत भांड्यांवर नावं घालणारे गणपततात्या एकटेच. नाव नसलेलं भांडं लग्नकार्यात एकदा घराबाहेर गेलं की ते परत येत नाही, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आणि या माणसानं माझी सगळी भांडी अर्ध्या वाक्यात सोडून दिली होती. कारण काय, तर फुटबॉल.

आता या फुटबॉलचं सांगायला हवं, नाहीतर मी उगीच चिडले असं वाटेल.

आमच्या गावात कुस्ती होती, हुतूतू होता, तेवढ्यावर भागत होतं. शाळेत एक कवायतीचे मास्तर आले आणि त्यांनी एक चामड्याचा चेंडू आणला. मंडईतले, आडतीवरचे, एकदोन कचेरीतले असे अकराजण जमले आणि बारामतीचा संघ झाला. मग दरवर्षी माघात कऱ्हेकाठच्या मैदानावर सामने भरू लागले आणि जिंकणाऱ्यासाठी एक फिरती ढाल ठेवली गेली. ढालीवर दरवर्षी चांदीची एक छोटी पट्टी बसते. पट्टीवर जिंकलेल्या गावाचं नाव आणि साल. ते घालायचं काम अर्थातच तात्यांकडे.

तात्यांची बायको त्याच वर्षी गेली. मूलबाळ नव्हतं. ढालीचं काम न्यायला मास्तर आले, ते तात्यांनाच मैदानावर घेऊन गेले. तेव्हापासून तात्या त्या संघाचे चिटणीस, खजिनदार, वैद्य आणि धोबी. घरात स्वतःसाठी चूल पेटो न पेटो, गोलकीपरसाठी हरभरे भिजत घातलेले असायचेच. उपांत्य सामन्याला नेसलेलं धोतर अंतिम सामना होईपर्यंत धुवायचं नाही, हा आणखी एक नियम. दुकान माझ्या मागच्या दारासमोर आहे. त्या नियमाचा त्रास मला किती होतो, हे मी त्यांना दरवर्षी स्पष्ट सांगते. दरवर्षी ते म्हणतात, "औंदा ठरलंय वैनी. चार दिस नाक दाबा."

ठरलेलं काय, ते सगळ्या तालुक्याला पाठ आहे. बारामती पहिला सामना जिंकते. दुसरा जिंकते. इंदापूरला तर असं लोळवते की इंदापूरकर परतीच्या गाडीत एकमेकांशी बोलत नाहीत. मग अंतिम सामना येतो, समोर दौंड येतं, आणि बारामती हरते. एक्कावन सालापासून सलग सहा वर्षं. एखादा संघ पहिल्याच दिवशी हरून घरी गेला तर लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. आमचा संघ नेमका सगळा गाव गोळा झाल्यावर हरतो. दौंडचे लोक आता आगगाडीतून उतरतानाच ओरडतात, "बारामतीकर मांडवापर्यंत येतात, अक्षता पडल्या की घरी!"

तात्यांच्या तोंडून 'हरलो' हा शब्द मात्र कुणी ऐकलेला नाही. "हरलो न्हाय, ऱ्हायलो," म्हणतात. पहिल्या वर्षी पंचांचं घड्याळ पुढे होतं म्हणून राहिलो. दुसऱ्या वर्षी वारं कऱ्हेकडून आलं. एका वर्षी आमचा गोलकीपर आदल्या दिवशी बहिणीकडे पुरणपोळ्या खाऊन आला आणि त्याच्याच्यानं वाकवेना. मागच्या वर्षी तर काहीच कारण सापडलं नाही, तेव्हा म्हणाले, "चेंडू गोल हुता वैनी. कुठंबी जातुया."



तर त्या शुक्रवारी त्यांनी मला नियम समजावून सांगितला. दौंड हा शब्द ते वर्षातून एकदाच घालतात. ढालीवर. तोही नाइलाजानं. एरवी कुठल्याही भांड्यावर तो शब्द घालत नाहीत.

"परवा रविवारी जितलो, की सोमवारी दौंड काय, म्हणाल तर लंडन घालून देतो."

"आणि हरलात तर?"

"ऱ्हायलो, तर औंदाचा दौंड ढालीवर गेला. मग पुढल्या माघापातुर न्हाय."

"तात्या, तिचं लग्न शुक्रवारी आहे! पुढच्या माघात तिला भांडी पाठवू?"

"जावई दौंडातनं आणायला कुणी सांगितलं हुतं? इंदापुरात पोरं न्हायती?"

इंदापुरात नावं घालून देणारा आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. तात्या हसले. इंदापूरवाल्याचं अक्षर त्यांना आणि मलाही माहीत होतं. माझ्या जावेच्या हंड्यावर त्यानं 'पार्वती' घातलं आहे, ते वाचणाऱ्याला आधी हंडा तिरका धरावा लागतो.

मी फार ताणलं नाही, याला आणखी एक कारण होतं. दौंडच्या संघात डाव्या बाजूनं पळणारा एक उंच, लांब पायांचा मुलगा आहे. मागच्या दोन्ही वर्षी शेवटचा गोल त्यानंच मारला. तात्या त्याला 'टोळ' म्हणतात. "त्यो टोळ आला की पीक गेलं," असं म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार त्यांनी माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पीत केलेला आहे. तो टोळ म्हणजेच वसंत जाधव. माझा होणारा जावई. तात्यांना टोळाचं नाव माहीत नव्हतं, आणि भांडी हातात येईपर्यंत मी ते सांगणार नव्हते.

रविवारी मला मैदानावर जायची मुळीच हौस नव्हती. पण विहीणबाईंचा निरोप आला की मुलाचा खेळ बघायला मी येते आहे. मग घरी बसून कसं चालेल? बायकांसाठी बैलगाड्या सोडून ठेवल्या होत्या, त्यांतल्या एकीवर आम्ही दोघी शेजारी बसलो. तात्या खाली, गोलच्या खांबाजवळ, त्याच धोतरात.

खेळ मला फारसा कळत नाही. पण शेवटाला पाच-सात मिनिटं राहिलेली, दोन्ही बाजूंनी एकही गोल नाही, आणि आमच्या आडतीवरच्या किसनच्या पायात चेंडू, समोर मोकळा गोल. हा माणूस थांबून चेंडू नीट लावून घेतोय! मी उभी राहून ओरडले, "अरे, पूजा मांडतोस का? मार की!" विहीणबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. किसननं मारला, तो खांबाला लागून परत आला. तो नेमका टोळाच्या पायात. पुढचं सांगत नाही.

पण त्याच्याही पुढे जे झालं ते सांगावंच लागेल. वसंता मुलगा फार वळणाचा आहे. मैदानभर दौंडवाले त्याला खांद्यावर घ्यायला धावताहेत, आणि हा त्यांना चुकवून, धुळीनं माखलेला, सरळ आमच्या गाडीकडे आला. आईच्या पाया पडला. मग माझ्या. भर मैदानात. मी आशीर्वाद दिला आणि मान वर केली, तर दहा पावलांवर तात्या.

"वैनी, ह्यो टोळ तुमचा?"

"जावई," मी म्हटलं. "शुक्रवारपासून."

तात्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तरीच स्वल्पविरामाला हात जड झाला हुता," एवढंच म्हणाले आणि ढाल ठेवलेल्या टेबलाकडे गेले.

जिंकणारे ढाल संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जातात, म्हणून नाव तिथंच घालावं लागतं. तात्यांची छोटी ऐरण आणि हातोडी दरवर्षी आधीच नेऊन ठेवलेली असते. ते खाली बसले. भोवती दौंडवाल्यांची गर्दी.

"आटपा तात्या, गाडी सुटंल!"

"दरसाल सराव हाय की, अजून हात बसंना व्हय?"

सगळे हसले. आमच्यातलेही हसले, याचा मला जास्त संताप आला. सात वर्षं जो माणूस यांचे सदरे धुतो, त्याला हसतात! तात्यांनी मान वर केली नाही. "गाडी सुटंल. अक्षर सुटणार न्हाय," म्हणाले. द घातला, काना घातला, मात्रा घातल्या, ड घातला. शेवटी अनुस्वार. तो एका ठोक्यात. मी जवळ जाऊन पाहिलं. इतका सुरेख 'दौंड' दौंडमध्येही कुठे लिहिलेला नसेल. राग कुठे दिसतो का, ते मी शोधत होते. अक्षरात तो नव्हता.

सोमवारी दुकानाचं दार आतून बंद. आत मात्र हातोडी चालू. मी तीनदा दार ठोठावलं. "कामात हाय!" दुसऱ्या कुणाचं तरी काम घेऊन बसले आहेत, आणि माझी पोर बिनगावाच्या भांड्यांवर सासरी जाणार! मंगळवारच्या एसटीनं भांडी इंदापूरला न्यायची, अक्षर गेलं चुलीत, असं ठरवून मी पोत्यांना दोऱ्या लावत बसले. चारच्या सुमाराला समोरच्या दुकानातून हाक आली.

"वैनी, पोती आणा."

एकूणएक भांड्यावर स्वल्पविरामापुढे 'दौंड' घातलेलं होतं. वाट्यांवरसुद्धा.

"वर्षातून एकदाच ना?" मी विचारलं. आभार मानायचे सोडून हेच तोंडातून गेलं.

"एकदाच की. काल सुरू केलं त्ये आज संपलं. मधी हात कुठं थांबला?"

मग त्यांनी घंगाळ पुढे ओढलं. पोटावर, नावाच्या खाली, चांदीची एक पट्टी चार बारीक रिबिटांनी बसवलेली होती. ढालीवर असतात तशीच, तेवढ्याच मापाची. त्यावर 'बारामती'. खाली 'सन १९५', आणि पुढच्या आकड्याची जागा घासून घासून कागदासारखी झालेली. मी बोट फिरवलं तर ती दबली.

मला समजायला थोडा वेळ लागला. ही पट्टी नवी नव्हती. एक्कावन साली सामन्याच्या आधीच करून ठेवलेली. मग दरवर्षी शेवटचा आकडा घासायचा, नवा घालायचा, आणि सामना झाला की परत कापडात गुंडाळून ठेवायची. चांदी कुठली, हे मी विचारलं नाही. त्यांच्या बायकोच्या पायात तोरड्या असायच्या. ती गेल्यावर त्या मी परत कुठे पाहिल्या नव्हत्या.

"अहो, ही ढालीची आहे ना?"

"ढालीवर लागंना. म्हून हितं लावली." तात्या दुसरीकडे बघत हातोडी पुसत होते. "टोळ रोज सकाळी आंगुळीला बसंल. तांब्या बुडवायला वाकावं लागतंय. दौंड रोज बारामतीम्होरं वाकंल." स्वतःशीच हसले. मग म्हणाले, "आन् कुसुमला उठल्या उठल्या आपलं गाव दिसंल. परक्या घरात पैल्यांदा लई सुनं वाटतंय. पट्टीला राख लावू नगं म्हणावं. पातळ झालीया."

मी भांडी पोत्यात भरली. घंगाळ सगळ्यात वर ठेवलं, पट्टी बाहेर येईल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यातलं एक चांदीचं निरांजन घेऊन मी तात्यांच्या दुकानात गेले. त्याची दांडी केव्हाची तुटलेली, नुसतं पडून होतं. ते ऐरणीवर ठेवलं.

"नवी पट्टी करा. नाव घाला, साल घालू नका."

"साल बी घालतो," तात्या म्हणाले. "अठ्ठावन. पुढल्या साली ठरलंय."

आकडे घालायची बारीक छिन्नी समोरच पडली होती. ती उचलून मी कमरेला खोचली. "सामना संपला की मैदानावर आणून देईन," म्हटलं, आणि घरी येऊन अक्षता रंगवायला बसले.