एकसष्ट विरुद्ध एकसष्ट

शुक्रवारी संध्याकाळी भूमिकाने तक्ता पूर्ण केला. चौदा निकष, प्रत्येकाला पाच गुण. काळ्या कॅल्क्युलेटरला एकसष्ट गुण पडले आणि पांढऱ्यालाही एकसष्टच. तिने बेरीज पुन्हा केली. मग खालून वर केली. एकसष्ट.

भूमिकाने गणितात एम.एस्सी. केलं होतं आणि जूनपासून ती कामठ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवत होती. शाळेचा जुना विद्यार्थी भूपेंद्र अमेरिकेत नोकरीला होता. त्याच्या कंपनीने शाळेला पंचवीस ग्राफिंग कॅल्क्युलेटर द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे नुसती आकडेमोड करणारे नव्हेत, समीकरण दिलं की पडद्यावर आलेख काढून दाखवणारे. दोन मॉडेलचे दोन नमुने दिवाळीत कुणाच्या तरी सामानातून आले होते. त्यातला एक निवडायचा, दोन्ही चालू असल्याचा एकत्र फोटो काढायचा आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत ऑनलाइन अर्ज भरायचा. बारानंतर अर्ज बंद. मग ते पंचवीस कॅल्क्युलेटर यादीतल्या पुढच्या शाळेला.

"पण बोर्डाच्या पेपरात तं कॅल्क्युलेटर चालतच नाही म्हणतात," मुख्याध्यापक केशोराव सरांनी पहिल्याच दिवशी शंका काढली होती.

"पेपरासाठी नाही सर, शिकवण्यासाठी. पोरं आलेख पाठ करतात. त्यांना तो दिसतच नाही."

"मग घ्या. पण दोघातला चांगला असंल तोच घ्या."

इथेच तर सगळं अडलं होतं. काळ्याचा पडदा रंगीत होता आणि तो तार लावून चार्ज व्हायचा. पांढऱ्याला चार सेल लागायचे, पण त्याची बटणं मोठी होती. शेवटी भूमिकाने पंधरावा निकष ठरवला. शनिवारी अकरावीच्या तासाला दोन्ही यंत्रं मुलांच्या हातात द्यायची आणि कुठल्यावर आलेख आधी समजतो ते घड्याळ लावून बघायचं. झोपण्यापूर्वी काळ्यावर तिने साइनचा नागमोडी आलेख काढून ठेवला आणि तो फ्रिजवर चार्जिंगला लावला.

शनिवारी सकाळची शाळा. अकरावीचा तास सव्वादहाला. तिने वर्गात पांढरा टेबलावर ठेवला, काळ्याचा खोका उघडला, आणि आत माहितीपुस्तिका व थर्माकोल एवढंच होतं.

"मॅडम, हा अदृश्य मॉडेल आहे का?" पहिल्या बाकावरच्या आचलने विचारलं.

भूमिकाने बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, फ्रिजवर माझं एक काळं यंत्र आहे का?"

"नाही. ते तं तुझ्या बाबानं नेलं," निर्मलाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"धान खरेदीवर. तुझ्या काकाच्या विक्कीनं मागवली होती नं ती मशीन, ओलावा मोजाची. काळी येते, मोबाइलएवढी, तार असते म्हणे. सकाळी पाहिली तं फ्रिजवर. तुझे बाबा खूश! म्हणे आज पाहतो त्या ग्रेडरले."

"आई, ती ओलावा मोजायची नाही! तो कॅल्क्युलेटर आहे!"

"मग तार कायले आहे त्याले?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. वडिलांचा फोन नुसता वाजत होता. भूमिकाने वर्गाला उदाहरणं दिली, पांढरा बॅगेत टाकला आणि केशोराव सरांना, "सर, एक नमुना धानावर गेला आहे," एवढंच सांगून स्कूटी काढली. केशोराव सर बराच वेळ त्या वाक्याचा अर्थ लावत बसले.

धान खरेदी केंद्रावर ती पोचली तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. आवारभर ताडपत्र्यांवर धान पसरलं होतं. नियम असा की ओलावा सतरा टक्क्यांच्या वर असला तर धान घेत नाहीत. मग ते उन्हात पसरायचं, पाय घालून फिरवायचं आणि पुन्हा मोजायला बोलवायचं. भूमिकाचे वडील जागेश्वर कालपासून हेच करत होते.

आता मात्र ते ताडपत्रीच्या मधोमध बसले होते. बाजूला नमुन्यासाठी भरलेला एक कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, होता, त्यात चार्जिंगच्या तारेचं एक टोक चांगलं वीतभर खुपसलेलं होतं. दुसरं टोक काळ्या कॅल्क्युलेटरला. भोवती तीस-चाळीस माणसं वाकून पडद्याकडे बघत होती.

"पाहा," जागेश्वर सांगत होते, "हे वर गेलं का ओला. हे खाली आलं का वाळला."

"मग पुन्हा वर काऊन गेलं?" बकाराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं.

"थर असतात बाप्पा. वरचा ओला, त्याच्या खालचा वाळला, त्याच्या खालचा पुन्हा ओला."

"हे तं सापासारखं चालून राहिलं."

"ओलावा असाच चालते."

धानाचा ओलावा तपासून पास-नापास ठरवणारा ग्रेडर गुड्डू आपला मीटर हातात धरून बाजूला उभा होता. पोरगा गोंदिया शहरातला, यंदाच कंत्राटावर लागलेला. यंदा नवी यंत्रं येणार असं एक पत्र त्याला आलं होतं आणि ते त्याने पुरतं वाचलं नव्हतं. त्यामुळे समोरच्या वस्तूला हसावं की नमस्कार करावा हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काका, ये सरकारी है क्या?" त्याने हळूच विचारलं.

"सरकारीच्या वरची आहे," जागेश्वर म्हणाले.

"बाबा!" भूमिका गर्दीतून आत शिरली. "हे माझ्या शाळेचं आहे. द्या इकडे. बाराच्या आत मला फोटो टाकायचा आहे."

"आली का! हे पाहा, माझी पोरगी. गणिताची मास्तरीण आहे. सांग बाई यायले, किती ओलावा आहे ते."

"बाबा, हा कॅल्क्युलेटर आहे."

बकारामने बंडीच्या खिशातून स्वतःचा कॅल्क्युलेटर काढून सगळ्यांना दाखवला. "कॅल्क्युलेटर हा आहे. याच्यात आकडे दिसतात. त्याच्यात आकडा कोठी आहे? पोरीले मशीन शाळेत न्यायची आहे, म्हणून बोलून राहिली."

"ती तार धान मोजायची नाही, चार्जिंगची आहे!"

"मग चार्जच होऊन राहिला असंल धान," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जागेश्वर मात्र हसले नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. चाळीस माणसांसमोर तासभर ओलाव्याचे थर समजावल्यावर माणूस ज्या नजरेने पाहील, त्या नजरेने.

"माझं धान पास होते तोवर ही मशीन इथून हलत नाही, आन् तिचा फोटोबी निघत नाही," ते म्हणाले.

"जागेश्वरनंतर माझा नंबर आहे," बकाराम म्हणाला. "माझ्यापर्यंत बी हलत नाही."

गुड्डूने मधे तोंड घातलं. "भाऊ, आज शनिवार आहे. मी बारा बजे बंद करतो. फिर सीधा सोमवार."

भूमिकाने घड्याळ पाहिलं. अकराला दोन मिनिटं. परिस्थिती तिने मनात समीकरणासारखी मांडली. फोटो काढायचा तर काळा हवा. काळा हवा तर धान पास व्हायला हवं. धान पास व्हायचं तर ओलावा सतरावर यायला हवा, आणि तोही बाराच्या आत. म्हणजे पंचवीस कॅल्क्युलेटर आता सर्वस्वी उन्हावर अवलंबून होते.

"गुड्डूभाऊ, बाबांच्या धानाचं सकाळपासूनचं माप आहे का?"

गुड्डूने रजिस्टर उघडलं. "नऊ बजे अठरा पॉइंट सहा. दस बजे बराबर अठरा." मग त्याने पुन्हा मीटर लावला. "आणि आत्ता, अकरा बजे, सतरा पॉइंट पाच."

तीन बिंदू. भूमिका ताडपत्रीवर बसली, तार कट्ट्यातून उपसून बाजूला ठेवली (गर्दीतून "अवो, अवो" असा आवाज आला) आणि भराभर बटणं दाबली. साप गेला. त्याच्या जागी तीन ठिपके आले, आणि ठिपक्यांजवळून उतरत जाणारी एक सरळ रेष.

बकाराम खाली वाकला. "ही रेष कोणाची?"

"बाबांच्या धानाची. ही नऊची वेळ, ही दहाची, ही अकराची. धान असं वाळत चाललं आहे."

"आन् तो साप?"

"तो माझा होता."

मागे उभ्या असलेल्या दुर्गेश्वरीबाईंनी बोट पुढे केलं. "मग ही रेष पुढे गेली आहे, ते काय? पुढे तं आजून टाइम झालाच नाही."

भूमिका त्यांच्याकडे बघतच राहिली. अकरावीच्या वर्गात हा प्रश्न निघायला तीन आठवडे लागले होते, आणि तोही तिनेच विचारला होता.

"ते पुढे काय होईल त्याचा अंदाज आहे, मावशी. रेष सतराला इथे टेकते." तिने आकडा वाचला. "अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं."

'अंदाज' हा शब्द कुणी ऐकलाच नाही. अकरा त्रेपन्न मात्र आवारभर पसरलं. वाळण्याचा वेग हळूहळू कमी होतो, सरळ रेष इथे पुरती लागू नाही, तीन बिंदू फार थोडे आहेत, हे सगळं भूमिका सांगत होती. पण तोवर माणसं धानात पाय घालून ते फिरवायला लागली होती. जागेश्वरचं धान, जागेश्वरचे पाय, आणि सोबत बकारामचे, आणखी आठ-दहा जणांचे. कुणीतरी मोबाइलमध्ये अकरा त्रेपन्नचा गजरही लावला.

गजर वाजला. गुड्डूने मूठभर धान मीटरमध्ये टाकलं. सगळी डोकी एकत्र आली.

"सतरा पॉइंट एक," गुड्डू म्हणाला.

भूमिकाचा चेहरा पडला. "मी म्हटलं होतं, रेष थोडी..."

"थांब बाई," बकारामने तिला हातानेच गप्प केलं आणि तो गुड्डूकडे वळला. "तुझा मीटर मागे चालून राहिला."

"मीटर मागे कैसे चलेगा, काका?"

"आता पाहाजो नं."

पुन्हा पाय फिरले. अकरा छप्पन्नला गुड्डूने दुसरी मूठ टाकली, मीटर डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "सतरा."

"पाहा!" बकाराम विजयाने ओरडला. "तीन मिनिटं मागे आहे तुझा मीटर. दुरुस्त करून घेजो."

उरली होती चार मिनिटं. भूमिकाने दोन्ही कॅल्क्युलेटर धानाच्या ढिगावर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. मोबाइलवर इंटरनेट चालत नव्हतं. "वर चढ," जागेश्वर म्हणाले, आणि गणिताची मास्तरीण भरलेल्या कट्ट्यांच्या थप्पीवर चढून अर्ज भरायला लागली. मॉडेल? तिने थप्पीवरून खाली पाहिलं. काळ्याच्या बटणांच्या फटीत तूस अडकलं होतं, आणि दुर्गेश्वरीबाई पडद्यावरच्या रेषेवर बोट फिरवून बकारामला काहीतरी समजावत होत्या. काळा. निवडीचं कारण? चौदा निकष आता आठवायलाही वेळ नव्हता. तिने घाईत लिहिलं, 'ओल्या धानात घातला तरी चालतो,' आणि अकरा एकोणसाठला बटण दाबलं.

मंगळवारी भूपेंद्रचा संदेश आला. काळे पंचवीस मंजूर झाले होते. खाली त्याने लिहिलं होतं की कंपनीतले लोक ते कारण समजून घ्यायला उत्सुक आहेत, त्यामागे अध्यापनाची कुठली नवी पद्धत आहे का. भूमिका दोन दिवस त्याच्या उत्तराचा मसुदा लिहीत होती.

गुरुवारी विक्की एक छोटा खोका घेऊन घरी आला. "घ्या मोठे बाबा, तुमची ओरिजनल मशीन. लेट झाली थोडी."

जागेश्वरनी ती काढली, धानाच्या डब्यात तिची दांडी खुपसली, बटण दाबलं. पडद्यावर १४.२ असा आकडा आला. ते थोडा वेळ थांबले. मग यंत्र उलटं करून बघितलं, हलवून बघितलं.

"पुढे?"

"पुढे काय? चौदा पॉइंट दोन. झालं."

"परवा किती राहील?"

"ते कसं सांगंल, मोठे बाबा? हा मीटर आहे."

जागेश्वरनी ते यंत्र पुसलं, खोक्यात ठेवलं आणि खोका विक्कीच्या हातात दिला.

"वापस करून टाक," ते म्हणाले. "रेषच नाही याच्यात."