कऱ्हाळेअप्पांचा अर्धा र

भोकरदनच्या आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा कऱ्हाळेअप्पांनी तो पहिल्यांदा आरशातून पाहिला. पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, खिशातला दाढीचा आरसा खांद्यावर धरला आणि मजकूर वाचू लागले. अप्पांचा उभा जन्म शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून त्यांना उलटंच सुलट वाटे. "सरळ वाचलं की डोळा पळतो, माय. उलटं वाचलं की चूक बराबर सापडती," असं म्हणत त्यांनी दोन मिनिटांत चार चुका काढल्या. मी जालन्याहून कोर्स करून आलेली ताजी ऑपरेटर. त्या चारही चुका मी तीनदा वाचूनही मला दिसल्या नव्हत्या.

आमचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर अजून पुरतं तयार झालेलं नव्हतं. औरंगाबादचे दोन इंजिनियर ते बनवत होते आणि त्याची कच्ची आवृत्ती, म्हणजे बीटा, फ्लॉपीवर घालून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती तपासायला पाठवत. अप्पांनी 'बीटा' ऐकलं ते 'बेटा'. "बेटा आला का? आज काय दुखून राह्यलं त्याचं?" असं विचारतच ते आत येत. पक्की आवृत्ती कधी येणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीचा वायदा संक्रांतीवर गेला, संक्रांतीचा पाडव्यावर. मालक कांतिलालशेठ कावले, की अप्पा म्हणत, "दात न्हाई आले अन् भाकर चारता का त्याला?"

पण स्वतः मात्र बेट्याला एक चूक माफ करत नसत. पडद्यावरच्या कात्रीच्या चित्रावर त्यांचा पहिला आक्षेप. "कात्रीनं कागद कापतेत. अक्षर काय पडवळ हाय का?" कचऱ्याच्या टोपलीवर तर ते भडकलेच. खाली पडलेला खिळा उचलून कपाळाला लावणारा हा माणूस. अक्षर टोपलीत टाकायचं ही कल्पनाच त्यांना सोसेना. काही पुसायला गेलं की 'तुमची खात्री आहे का?' अशी चौकट येई. तिला अप्पा मोठ्यानं उत्तर देत, "हाय रे बाबा! तुह्या जन्माच्या आधीपासून हाय!"

ही सगळी गाऱ्हाणी ते पोस्टकार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून इंजिनियरांना पाठवत. मी मनात हसायची. पण पुढच्या फ्लॉपीत टोपली गायब होऊन तिथं 'मागे घ्या' असं बटण आलं, तेव्हा माझं हसू आपोआप बंद झालं.

मोठा तंटा होता तो अर्ध्या र चा. कऱ्हाळे लिहिताना येतो तो, पापणीसारखा वाकडा. बेट्याला तो जमतच नव्हता. तो सरळ रफार करून ह च्या डोक्यावर बसवी. "हे माझं नाव न्हाई. हा दुसराच कुणी माणूस हाय," अप्पा म्हणाले. लग्नपत्रिकेतली वऱ्हाडी मंडळीही तशीच बिघडून आली, तेव्हा त्यांनी कार्डावर लिहिलं, 'असले वऱ्हाड मांडवात घेता येणार नाही.'

इकडे शेठजींनी ठरवून टाकलं होतं, पक्की आवृत्ती आली की खिळे मोडीत. आणि इंजिनियरांनी फोनवर सांगितलं होतं, अप्पा 'बराबर' म्हणतील तेव्हाच पक्की आवृत्ती निघेल. म्हणजे अप्पांनी चूक काढली की खिळ्यांचं आयुष्य महिनाभर वाढे. मला वाटलं, म्हातारा पक्का आहे, मुद्दाम खोड्या काढतोय. आणि मला ते आवडलंही. बायको गेल्यापासून अप्पांना घरी कोणी नव्हतं. दुपारची भाकरीसुद्धा ते खिळ्यांच्या खणांपाशी बसून खात.

मग एक दिवस त्यांनी अर्धा र कागदावर वीतभर मोठा काढला, कुठं जाड, कुठं बारीक ते खुणांनी दाखवलं आणि औरंगाबादच्या कंडक्टरकडे दिला. पंधरा दिवसांनी फ्लॉपी आली. मी 'कऱ्हाळे' टाइप केलं. पडद्यावर अप्पा जसेच्या तसे उमटले.

छापून काढलेला कागद त्यांनी सकाळभर भिंगाखाली धरला. शेवटी मीच म्हणाले, "अप्पा, 'ऱ्हा' जरा आखूड वाटतो. लिहू का तसं?"

"बिलकुल आखूड न्हाई."

"पण अप्पा, खिळे..."

"मला ठावं हाय, माय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण मी खोटी चूक दाखवली, तर ते माझ्या शब्दावर चांगलं अक्षर बिघडवून बसतील."

मी खाली मान घातली. इतका मोठा माणूस इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी कार्ड लिहिलं, 'अक्षर निर्दोष आहे. आता आमच्यासाठी थांबू नये.' आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते तीन दिवस पर्समध्येच ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "टाकलं का माय कार्ड?"

माझ्यानं खोटं बोलवेना. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. अप्पा रागावले नाहीत. कार्डाचा दुमडलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं सरळ केला, पायात चपला घातल्या आणि वैशाखाच्या उन्हात स्वतःच पोस्टाकडे चालू लागले.