काळोबा ढगाचं बारसं

एका जंगलात, बाळांनो, बारसं झाल्याशिवाय ढगानं बरसायचं नाही अशी रीत होती. हसू नका. तुमच्या शाळेत तरी ओळखपत्राशिवाय आत सोडतात का?

नाव ठेवायचा मान घारआत्याचा. ती उडत जाई, ढगाचा तळ किती उंचावर आहे ते बघे आणि त्यावरून नाव ठेवी. फार उंच असला तर 'श्रीमंत', मधोमध असला तर 'राव', आणि खाली असला तर नुसता 'खालच्या'.

त्या वर्षी डबकं आटत आलं होतं. त्यात द्रुपदाबाई बेडकीची चारशे पिल्लं वळवळत होती. त्यांना पाय फुटायला आठ दिवस होते आणि पाणी होतं दोन दिवसांचं. बाई रडून रडून अर्धी झाली होती.

तेवढ्यात काळोबा ढग आला. पोट तुडुंब, पार झाडांच्या शेंड्यांना टेकलेलं.

"पड रे बाबा, लवकर पड!" द्रुपदाबाई ओरडली.

"पडतो ना मावशी. बारसं तेवढं उरकू द्या."

घारआत्यानं तळ पाहिला, त्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "खालच्या."

"हे काय नाव झालं? माझं डोकं बघा की, केवढं उंच आहे!"

"डोकं कोण मोजतंय? तळ मोजायची रीत आहे."

माकडं फिदीफिदी हसली. काळोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर एक पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा ढग लोळत होता. जन्मात एक थेंब सांडला नव्हता मेल्यानं, पण होता 'श्रीमंत'.

"मीही श्रीमंत होणार," म्हणत काळोबा वर चढू लागला.

"अरे, आधी पाणी तर दे!" द्रुपदाबाईनं घसा फोडला. तो थांबला नाही.

वर थंडी मोठी. काळोबाचं पाणी गोठलं, पोट खपाटीला गेलं, अंगाच्या चार पांढऱ्या रेघा उरल्या. घारआत्यानं पुन्हा बारसं केलं. 'श्रीमंत काळोबा'! माकडांनी घुगऱ्या खाल्ल्या.

"श्रीमंत, आता तरी बरसा," द्रुपदाबाईनं हात जोडले.

"बाई, एवढ्या उंचीवरून पडणं आम्हाला शोभतं का? खालच्या कुणाला तरी सांगा."

तिसऱ्या दिवशी डबकं तडकलं. बगळ्यांना फार शोधावं लागलं नाही.

घारआत्या समाचाराला आली. "पिल्लांची बारशी केली होतीस का गं?"

"नाही हो, आत्या. वेळच कुठे मिळाला?"

"मग ती होतीच कुठे? उगाच रडतेस झालं."

तात्पर्य : ज्याच्या पोटात पाणी असतं त्याला खाली यावं लागतं, आणि खाली आलेल्याला कुणी मान देत नाही. म्हणून मुलांनो, मोठं व्हायचं असेल तर आधी कोरडे व्हा.